पहिलं नाव

सांता क्लाराहून निघालो तेव्हा धुकं इतकं खाली उतरलं होतं की पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते. समीरमामा गाडी चालवत होता. मी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसले होते. ईरा, मिहीर, तुम्हाला नागपुरात वाटतं की आजी अमेरिकेत नुसती हिंडते आणि मजा करते. हा प्रवास मजेचा नव्हता. तरी तो क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण तुमच्या आईने तुम्हाला जे सांगितलं ते अर्धंच आहे, आणि फोनवर मलाही नीट सांगता आलं नव्हतं.

मी टेक्ससमधल्या शुगर लँडला, माझ्या ताईकडे निघाले होते. तुम्ही तिला व्हिडिओवर पाहिलेलं आहे. मिहीरचे पुढचे दात पडले तेव्हा ‘पडले की कुणी पाडले रे’ असं विचारणारी ती. ताईची मूत्रपिंडं थकली होती आणि डायलिसिसला कंटाळून तिने ते स्वतःहून बंद करायला लावलं होतं. डॉक्टरांनी तिच्या मुलाला, अजितला, स्पष्ट सांगितलं होतं की आता ती हळूहळू जास्त झोपेल, मधले काही दिवस चांगले जातील, मग तेही जाणार नाहीत. अजितचा मला फोन आला. “मावशी, आई अजून बोलतेय. ये तू.” तिकीट त्यानेच काढलं. थँक्सगिव्हिंगचा आठवडा (इथला कुटुंबाने एकत्र जेवायचा सण, आपल्या दिवाळीसारखी सगळ्यांची गावी जायची घाई) असल्यामुळे एक जागा मिळाली हेच नशीब, असं सगळे म्हणत होते.

ताईने माझ्याकडे एकच वस्तू मागितली होती. “आता पथ्य संपलं, मेतकूट आण,” असं ती फोनवर म्हणाली होती आणि स्वतःच हसली होती. मी मेतकुटाची पिशवी दुहेरी बांधून घेतली. औषधांच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी, पासपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात, चष्मा, दुसरा चष्मा. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि परीक्षाविभाग सांभाळला, त्यामुळे कागदपत्रं नीट ठेवायची सवय हाडात मुरलेली. समीरला ऑफिसात मीटिंग होती. त्याने मला विमानतळाच्या दारापाशी उतरवलं, “आई, आत गेलीस की मेसेज कर,” म्हणाला आणि गाडी धुक्यात गेली.

अमेरिकेत देशातल्या देशात विमानाने जायचं तरी मोठ्या माणसाला सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं. आपल्याकडेही लागतं, पण इथे हल्ली ते जास्त कडक झालं आहे. इथले लोक वाहन चालवायचा परवाना दाखवतात, आणि त्या परवान्याच्या कोपऱ्यात ताऱ्याची खूण असली तरच तो चालतो. परदेशी माणसाला आपला पासपोर्ट पुरतो. रांगेच्या तोंडाशी हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मी ते दोनदा वाचलं. माझ्या पुढच्या माणसाच्या परवान्यावर तारा नव्हता. त्याला बाजूच्या टेबलापाशी उभं केलं. तो खांदे पाडून तिकडे गेला तेव्हा मला त्याची कीव आली. माझ्या मनात आलं, घरून निघताना बघून घ्यायला काय होतं?

माझी पाळी आली. काचेमागे जाड चष्म्याचे वयस्क गृहस्थ होते. त्यांनी माझा पासपोर्ट यंत्रात घातला, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोनवरचा बोर्डिंग पास मागितला. (ते इंग्रजीत बोलत होते. मी मराठीत लिहिते आहे.)

“मॅडम, कुमुद कोण?”

“मीच.”

“आणि अपर्णा?”

“तीही मीच.”

ते हसले नाहीत. “पासपोर्ट एकीचा आहे आणि तिकीट दुसरीचं आहे,” ते म्हणाले. “तुम्हाला आधी कंपनीच्या काउंटरवर जावं लागेल.”

आता तुम्हाला हे सांगितलं पाहिजे. माझं माहेरचं नाव कुमुद. लग्नात ते बदलून अपर्णा झालं. आमच्या वेळी आडनावाबरोबर मुलीचं स्वतःचं नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. तुमच्या आजोबांनी सुंदर अक्षरात अपर्णा लिहिलं. ताईचं लग्न आधीच झालं होतं. ती माहेरची इंदू, तांदळात मालती झाली होती. माझ्या लग्नात ती माझ्या शेजारी बसली होती. कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने बोटाने ‘अ’ पुसला आणि माझ्या कानाशी म्हणाली, “माझ्यापुरती तू कुमुदच.” तो शब्द तिने पाळला. आई-वडील गेले, काका-आत्या गेले. मला कुमुद म्हणणारी तेवढी एक उरली.

मग माझ्या तिकिटावर ते नाव आलं कसं? ते मला त्या क्षणी कळलं नव्हतं. पण एक गोष्ट कळली होती आणि ती मला काउंटरकडे चालताना छळत होती. अजितने बोर्डिंग पास पाठवला तेव्हा मी तो नेहमीसारखा तपासला होता. तारीख, वेळ, दार, आसन. नावही वाचलं होतं. कुमुद साने. ते मला खटकलं नाही. उलट बरं वाटलं. ताईकडे जाताना मी कुमुदच असते.

काउंटरवरची बाई चांगली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पुष्कळ बटणं दाबली. अक्षराची चूक असती तर ती दुरुस्त करता आली असती, असं तिने सांगितलं. लग्नाआधीचं आडनाव असतं तर लग्नाच्या दाखल्यावर काम झालं असतं. पण अख्खं नाव वेगळं म्हणजे तिच्या संगणकाच्या मते माणूसच वेगळा, आणि एकाचं तिकीट दुसऱ्याला देता येत नाही.

“दोन्ही नावं एकत्र असलेला एखादा कागद आहे का?” तिने विचारलं.

मी विचार केला. शाळेच्या दाखल्यावर कुमुद. लग्नपत्रिकेवर कुमुद. त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर अपर्णा. दोघी एका कागदावर कधी आल्याच नव्हत्या. एकत्र होत्या त्या फक्त त्या मांडवात. मी तिला तांदळाचं ताट समजावून सांगितलं. रांग माझ्यामागे वाढत होती. मागे लाल कोटातली एक म्हातारी अमेरिकन बाई काठीवर रेलून हे ऐकत होती.

“आणि त्या तांदळाचं पुढे काय केलंत?” तिने विचारलं.

“दुसऱ्या दिवशी भात केला.”

“म्हणजे पुरावा खाल्लात,” ती म्हणाली. “मी तीन नवऱ्यांची तीन आडनावं लावली, पण माझ्या नावाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.” मग तिला माझा चेहरा दिसला असावा. तिने माझ्या बाहीला हात लावला.

काउंटरवरच्या बाईने अपर्णाच्या नावाने नवं तिकीट शोधलं. त्या दिवशीची सगळी विमानं भरलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जागा होती. ती तिने मला दिली. माझं विमान काचेपलीकडे उभं होतं की नाही हे धुक्यामुळे दिसत नव्हतं. ते गेलं हे फलकावरूनच कळलं.

समीर मीटिंग सोडून परत आला. तो चिडला नव्हता, पण चिडल्यासारखा दिसत होता. तो थकला की असाच दिसतो.

“आई, तू पास बघितला नव्हतास?”

“बघितला होता.”

“मग?”

मी सीटबेल्ट लावला. गाडीतच त्याने अजितला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“मावशी, मी आईला विचारून टाकलं होतं नाव,” अजित म्हणाला. “पत्रिकांवर अपर्णा असतं आणि आई कुमुद म्हणते, म्हणून कन्फ्यूजन नको म्हणून विचारलं. साइटवर ‘फर्स्ट नेम’ होतं ना. मी आईला म्हटलं, मावशीचं पहिलं नाव काय?”

मी जन्मभर मुलांना भाषांतरातल्या चुका दाखवल्या, लाल पेनाने खुणा केल्या. इथे चूक नव्हती. मुलाने बरोबर शब्द वापरले होते आणि आईने बरोबर उत्तर दिलं होतं. माझं पहिलं नाव कुमुदच आहे.

“आईला सांगितलं नाहीये अजून,” अजित म्हणाला. “ती आज एकदम फ्रेश आहे. केस विंचरून घेतलेत. तुझी वाट बघतेय.”

मी म्हटलं, तिला फोन दे. तिकडे काही कुजबुज ऐकू आली आणि त्यात ताईचा आवाज होता, बारीक पण रुबाबदार. मग अजित परत आला. “ती म्हणते फोनवर नको. येतेच आहे ना, मग समोरासमोर बोलू.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता, तेच धुकं. या वेळी समीर रांगेपर्यंत सोबत आला. काचेमागे वेगळा माणूस होता. पासपोर्ट यंत्रात गेला आणि बाहेर आला, त्याने मान हलवली, आणि मी पलीकडे. इतकं सोपं होतं. मेतकुटाची पिशवी मात्र त्यांनी बाजूला काढली. एका बाईने हातमोजे घालून ती हुंगली आणि मसाला आहे का विचारलं. मी म्हटलं, भातावर घालायची पूड, आजारी माणसासाठी. तिने पिशवी पुन्हा माझ्यासारखीच दुहेरी बांधून दिली.

विमानात शेजारी पुण्याची एक मुलगी होती, मांडीवर लहान मूल. ती मुलाशी मराठीत बोलत होती आणि ते इंग्रजीत उत्तरं देत होतं. तिने विचारलं, “काकू, फिरायला?”

“बहिणीकडे.”

“वा, मजा आहे,” ती म्हणाली. मी हो म्हटलं. धुक्याच्या वर आल्यावर ऊन होतं. खाली आधी चुरगळलेल्या खाकी कागदासारखे डोंगर दिसले, मग वाळवंट, त्यात एकच रस्ता, सरळ, कुठेही न वळणारा. नंतर ढग आले ते उतरेपर्यंत. खाऱ्या बिस्किटांचे तुकडे आणि कॉफी मिळाली. कॉफी कडू होती. एरवी मी त्याबद्दल तुम्हाला दोन ओळी लिहिल्या असत्या.

ह्यूस्टनला दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. नोव्हेंबर संपत आलेला आणि हवा ओल्या टॉवेलसारखी. चष्मा पुसेपर्यंत गौरी, अजितची बायको, समोर आली होती. तिने वाकून नमस्कार केला, बॅग घेतली. शुगर लँडपर्यंतचा रस्ता लांब आहे. सपाट जमीन, मोठ्या रस्त्याला समांतर धावणारे लहान रस्ते, त्यांच्या कडेने एकसारखी दुकानं, गाड्यांच्या विक्रीची मैदानं आणि त्यांच्यावर घराएवढे झेंडे. वारा नसल्यामुळे झेंडे लोंबत होते. चढ नाही, उतार नाही, डोळा कुठे ठरत नाही. एवढ्या सपाट देशात ताईने इतकी वर्षं काढली. ती नाशिकची, खिडकीतून डोंगर दिसला नाही तर तिला दिशा कळत नसत.

“काल दुपारी आई खूप छान होत्या, मावशी,” गौरी म्हणाली.

“आणि आज?”

तिने आरशात बघितलं आणि गाडी दुसऱ्या पट्ट्यात घेतली.

घरी हॉस्पिसची (बरं होण्याची आशा संपल्यावर घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्यांची) नर्स होती. डोलोरेस तिचं नाव. रुंद, हळू बोलणारी. माझा हात हातात घेऊन तिने आधी मला बसवलं. काल ही बाई बराच वेळ जागी होती, ती सांगू लागली, दार वाजलं की एकच शब्द विचारायची. “कूमूद, कूमूद. मला वाटलं काही खायला मागते आहे. मी सुनेला विचारलं, कूमूद फ्रिजमध्ये आहे का?”

गौरी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. “फ्रिजमध्ये शिरा आहे,” ती म्हणाली. “कुमुदला केळं घातलेला लागतो म्हणून आईंनी काल समोर खुर्ची टाकून बसून करवून घेतला. मला नीट भाजता येत नाही म्हणून ओरडल्या पण.” थोड्या वेळाने तिने सांगितलं, “संध्याकाळी त्यांना म्हटलं, मावशी उद्या येतायत. तर म्हणाल्या, बरं. आणि झोपल्या.”

ताई त्या झोपेतून उठली नव्हती.

तिच्या खोलीत पडदे अर्धे ओढलेले होते. वेणी आदल्या दिवशीची, जरा सैल झालेली. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात धरला. हात गरम होता. “ताई, कुमुद आलेय,” मी म्हटलं. मग जरा मोठ्याने म्हटलं. डोलोरेस म्हणाली की ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं, बोलत राहा. मी बोलत राहिले. वाटेत काय झालं ते सांगितलं. तिने ‘अ’ पुसला होता त्याची आठवण करून दिली. पुरावा खाल्लात म्हणणाऱ्या बाईचं सांगितलं, कारण ताईला ते आवडलं असतं. तिच्या पापण्या हलल्या असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण हलल्या नाहीत.

दुपारी गौरीने मऊ भात केला आणि मी आणलेलं मेतकूट काढलं. ताईसाठी आणलेलं मेतकूट आम्ही खाल्लं. ताईने माझ्यासाठी करवलेला शिरा मी थंडच खाल्ला. रवा एका बाजूने जरा कच्चा होता, ताईचं ओरडणं बरोबर होतं. अजित ताटावर बसून भात नुसता कालवत होता.

“मावशी, मला अपर्णा टाकता आलं असतं ना,” तो म्हणाला. “मला माहीत होतं यार. एकदा पासपोर्टचा फोटो माग, इतकं सिंपल. मी आईला विचारत बसलो.”

“तू विचारलंस म्हणून तिला बरं वाटलं असेल,” मी म्हटलं. ते मी त्याच्यासाठी म्हटलं. पण म्हटल्यावर मला ते खरं वाटलं. या देशात आल्यापासून ताईला कुणी तिच्या माहेरचं काही विचारलं असेल असं मला वाटत नाही.

ताई आणखी थोडे दिवस तशीच होती आणि मग एका सकाळी श्वास थांबला. मी शेजारी होते. इथे अंत्यविधी स्वच्छ, गालिच्याच्या दालनात होतात. अजितने दाहिनीचं बटण दाबलं आणि आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. गावातली मराठी मंडळी पांढरे कपडे घालून आली होती. कुणी पोळ्या आणल्या, कुणी आमटी. अंत्यविधी करणाऱ्या संस्थेने एक छापील कार्ड केलं होतं. त्यावर लिहिलं होतं की मालती यांच्या मागे मुलगा, सून आणि बहीण अपर्णा आहेत. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कुठेही चूक नव्हती. पण मालती आणि अपर्णा या दोघी बहिणी कधी नव्हत्याच. बहिणी होत्या त्या इंदू आणि कुमुद.

परतीचं तिकीट काढताना अजितने माझा पासपोर्ट मागून घेतला आणि एकेक अक्षर बोटाने लावून टाइप केलं. त्याच वेळी त्याला विमान कंपनीचा मेल दिसला. न वापरलेल्या तिकिटाची रक्कम त्यांनी पुढच्या प्रवासासाठी राखून ठेवली आहे, पण ती फक्त त्याच प्रवाशाला वापरता येईल. कुमुद साने हिलाच. अजितने विचारलं, कंपनीशी भांडू का? मी म्हटलं, राहू दे.

तुम्ही मोठे व्हाल, स्वतः तिकिटं काढाल. तेव्हा पासपोर्टवर असेल तेच नाव, त्याच क्रमाने घाला, आणि दुसऱ्याचं तिकीट काढताना त्याला विचारू नका, पासपोर्ट बघा. हे मी तुम्हाला बजावून सांगते. ईरा, तुझ्या आईचं नाव तुझ्या बाबांनी बदललं नाही याचा मला तेव्हाही आनंद झाला होता, आज जास्त होतो.

ह्यूस्टनच्या विमानतळावर सकाळची गर्दी ओसरली होती. बॅगेत रिकामी पिशवी होती, मेतकुटाचा वास अजून राहिलेली. काचेमागे एक तरुण होता, जांभया देत. त्याने पासपोर्ट यंत्रात घातला, पडद्याकडे बघितलं, आणि खात्रीसाठी विचारलं, “फर्स्ट नेम?”

त्याने पहिलं नाव विचारलं होतं. मी दुसरं सांगितलं. ते पासपोर्टाशी जुळलं, आणि त्याने मला जाऊ दिलं.